जोखीम जनतेची, भागीदारी कंपनीची

सार्वजनिक कामांसाठी खाजगी भांडवल उभे करून देणे हा आता केवळ धंदा राहिलेला नाही. तो एक प्रतिष्ठित पेशा झाला आहे. हुशार विद्यार्थ्याने कलेक्टर व्हावे, अभियंता व्हावे, निदान प्राध्यापक तरी व्हावे, अशी एके काळी मध्यमवर्गाची इच्छा असे. आता त्याने व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या काचेच्या इमारतीत बसावे आणि रस्ते, पूल, बंदरे, वीजकेंद्रे यांच्यासाठी ‘गुंतवणूक भागीदारी’ जुळवून द्यावी, यात आयुष्याचे सार्थक मानले जाते. या पेशाचे तत्त्वज्ञान थोडक्यात सांगता येते. सरकारजवळ पैसा नाही, खाजगी भांडवलाजवळ तो आहे. सरकारला काम करता येत नाही, खाजगी भांडवलाला येते. सबब या दोघांची गाठ घालून देणारा मनुष्य हा देशाचा उपकारकर्ता होय.

हे तत्त्वज्ञान तपासण्यासाठी मुंबईत जाण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव त्याला पुरे आहे. या गावाच्या परिसरातून लंडनच्या एका कंपनीची लहान गाडी धावली, या गावात तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि या गावापासून थोड्याच अंतरावर असलेल्या येडशीवरून आज टोलचा चौपदरी महामार्ग जातो. सार्वजनिक सोय कोणाच्या पैशाने उभी राहावी, या प्रश्नाला गेल्या सव्वाशे वर्षांत दिली गेलेली तीन उत्तरे येथे हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळतात. (त्याहीपूर्वीचे उत्तर शेजारच्या तेरला सापडते. दोन हजार वर्षांपूर्वी तगर या नावाने ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक असलेल्या या नगरीतून माल गाड्यांवर लादून भडोचकडे जात असे. त्या वाटेसाठी कोणी भागीदारी केल्याची नोंद नाही.)

लहान गाडीपासून आरंभ करणे योग्य, कारण या पेशाचा या भागातील मूळपुरुष तिनेच दिला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लोहमार्गाला स्वस्त, अरुंद फाटे जोडले तर आतल्या मुलखातील माल ओढून आणता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. नोकरीत असतानाच त्याने अशा फाट्यांसाठी लंडनमध्ये एक कंपनी नोंदविली. मालक कंपनीला हे दुहेरी इमान रुचले नाही आणि १८८९ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे १८९५ मध्ये सरकारशी चाललेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्या, बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि तिचा सल्लागार अभियंता म्हणून नेमला गेला तो कॅलथ्रॉपच. कल्पना काढणारा तो, कंपनी काढणारा तो आणि कंपनीने ज्याचा सल्ला घ्यावयाचा तोही तोच. आजच्या भागीदारीच्या कारागिरांना हा नमुना अपरिचित वाटू नये.

तरीही कॅलथ्रॉपला न्याय दिला पाहिजे. तो दलाल नव्हता, अभियंता होता. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर इंजिनापासून मालवाघिणीपर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, अशी रचना त्याने केली आणि हलक्या रुळांवरून पुष्कळ माल नेता येतो हे सिद्ध केले. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली; ती निजामाच्या हद्दीत शिरून १९११ मध्ये लातूरला पोहोचली; दुसऱ्या बाजूने पंढरपूर गाठून १९२७ मध्ये मिरजेला गेली. दोनशे मैलांचा हा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पदच होता. त्याने आसांवर भार समान वाटला. समाजावर पडणारा भार समान वाटणे हे त्याचे काम नव्हते आणि कंपनीच्या घटनेत त्याला जागाही नव्हती.

तो भार कोठे पडला? लातूर-ढोकीकडचा कापूस आणि गळिताची धान्ये कुर्डुवाडीला पोहोचली की प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावी लागे. अरुंद रुळांमुळे कंपनीचे भांडवल वाचले. त्याची किंमत हमालाच्या पाठीने आणि शेतकऱ्याच्या पदरी कमी पडलेल्या भावाने अनेक दशके चुकविली. ही किंमत कंपनीच्या ताळेबंदात कधीच दिसली नाही, कारण ती कंपनीने दिलीच नव्हती. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. उस्मानाबाद हे जिल्ह्याचे ठाणे, पण गाडी तेथे गेली नाही. ती येडशीवरून निघून गेली. कंपनीचा रस्ता मालाच्या वासाने जातो. कचेरी, शाळा, दवाखाना या गोष्टींना भाडे सुटत नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली. येथे समाजवादी विचाराच्या माणसाने एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. विकत घेतल्यानंतर सरकारने काय केले? पन्नास वर्षांहून अधिक काळ तीच अरुंद गाडी तशीच रखडत ठेवली. मराठवाड्यातील रुंद रुळांसाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी आयुष्यभर आंदोलने केली, निवेदने दिली. दिल्लीला त्याचे सोयरसुतक नव्हते. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप सार्वजनिक हित, असे मानणाऱ्यांनी कुर्डुवाडी-लातूर मार्गाचा इतिहास वाचावा. पण त्या इतिहासाचे शेवटचे पानही वाचावे. २००७ आणि २००८ मध्ये हा मार्ग रुंद झाला तेव्हा तो वळवून उस्मानाबाद शहरात नेला गेला. जे शहर कंपनीला नफ्याचे वाटले नव्हते तेथे सरकारी पैशाने गाडी आली. तिला शतक लागले, ही शरमेची गोष्ट खरी. परंतु लोकांच्या मागणीपुढे वाकावे लागते ते सरकारला. कंपनीला निवेदन देऊन कोणी रूळ वळविल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांना स्वातंत्र्यानंतर खाजगी रेल्वेचे काय होते याचे दुसरे उदाहरण हवे असेल त्यांनी विदर्भातील मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर या ‘शकुंतला’ गाडीकडे पाहावे. तिचा मार्ग स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि भारतीय रेल्वे तिच्यावरून गाडी चालविण्याचा मोबदला कंपनीला देत राहिली. इंग्रज गेले, करार राहिला.

बार्शी लाइट ही या पेशाची सौम्य आवृत्ती म्हटली पाहिजे. तिच्या आधीची आवृत्ती उघड लुटीची होती. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीशी झालेल्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने ९९ वर्षांसाठी जमीन फुकट दिली आणि गुंतविलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. गाडी रिकामी धावली तरी व्याज भरलेले, आणि ते भरणार हिंदुस्थानचा शेतसारा. अशा हमीचे काय परिणाम होतात हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे स्वच्छ सांगितले : पाच टक्के निश्चित मिळत असतील तर आपला पैसा हुगळी नदीत फेकला जातो की विटा-चुन्यात जातो याची फिकीर गुंतवणूकदाराला नव्हती. दादाभाई, रानडे, आणि पेशाने शिक्षक असलेले गणेश व्यंकटेश जोशी यांनी या पद्धतीवर जे टीकास्त्र सोडले त्यातून आपले आर्थिक राष्ट्रीयत्व घडले. आज ते सारे विसरून हमीची तीच कल्पना नव्या इंग्रजी नावाने परत आणली जाते आणि तिला ‘सुधारणा’ म्हटले जाते.

ढोकी त्या काळी निजामाच्या राज्यात होती आणि त्या राज्यातील कथा तर अधिकच उद्बोधक आहे. १८८३ मध्ये निजामाच्या दरबाराने लंडनच्या भांडवलदारांशी रेल्वेचा व्यवहार जुळविला. निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे कंपनी निघाली आणि वीस वर्षे ५ टक्क्यांची हमी रयतेच्या माथी बसली. या चांदा रेल्वे प्रकरणात हैदराबादच्या काही नागरिकांनी एक साधी मागणी केली : कराराच्या अटी लोकांना सांगा, त्यांचा विचार करण्यास वेळ द्या. या मागणीत पुढे असलेले शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना त्याच वर्षी राज्याबाहेर हद्दपार करण्यात आले. अटी मागणाऱ्याला हद्दपारी आणि अटी लिहिणाऱ्याला दलाली! ती रेल्वे निजाम सरकारला १९३० मध्ये पैसे मोजून परत घ्यावी लागली. आज अटी मागणाऱ्याला कोणी हद्दपार करीत नाही. ‘व्यापारी गुपित’ असे उत्तर लिहून त्याचा अर्ज निकालात काढतात. एवढी प्रगती मात्र मान्य केली पाहिजे.

आता येडशीच्या महामार्गाकडे वळावे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिववरून येडशीपर्यंत आणि तेथून बीडमार्गे औरंगाबादपर्यंत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, जाणारा रस्ता गेल्या दशकात ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने चौपदरी करण्यात आला. रस्ता चांगला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याने जुन्या रस्त्यावरून रुग्ण घेऊन सोलापूर गाठले आहे त्याला नव्या रस्त्याची किंमत कळते. प्रश्न रस्त्याचा नाही, त्याच्या मालकीच्या कागदाचा आहे.

या पद्धतीचे यंत्र कसे चालते ते कार्यकर्त्यांनी नीट समजावून घेतले पाहिजे, कारण ते समजू नये अशाच भाषेत ते लिहिलेले असते. जमीन सरकार संपादन करून देते. काम करण्यासाठी कंत्राटदार एक स्वतंत्र कंपनी काढतो. ती बुडाली तर मूळ कंपनीची मालमत्ता सुरक्षित राहावी हा तिचा मुख्य हेतू. या कंपनीत तो स्वतःचे थोडे भांडवल घालतो आणि बहुतांश रक्कम बँकांकडून कर्जाऊ उचलतो. या कर्जांचा फार मोठा हिस्सा सरकारी बँकांनी दिलेला आहे. तरीही हिशोब जुळत नसेल तर २००६ पासून केंद्र सरकारचा तफावत निधी आहे : प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान, आणि वर आणखी २० टक्क्यांपर्यंत प्रकल्प काढणाऱ्या सरकारी यंत्रणेचे. जमीन सरकारची, कर्ज सरकारी बँकेचे, तफावत सरकारने भरलेली. मग भागीदाराने काय आणले? त्याने सही आणली. त्या सहीच्या बळावर पंचवीस-तीस वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क त्याचा होतो.

आणि त्या टोलची वाढ पाहा. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांप्रमाणे टोलचा मूळ दर दरवर्षी ३ टक्क्यांनी आपोआप वाढतो आणि शिवाय घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीचा ४० टक्के भाग त्यात मिळविला जातो. याच महामार्गावरून ढोकी, येडशीकडचा शेतकरी सोयाबीन घेऊन बाजारात जातो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. बाजारात त्याला त्याहून कमी भावाने माल घालावा लागला. हमी हा शब्द दोघांच्याही कागदावर आहे. टोलची हमी नाक्यावरचा दांडा वर होण्याआधी वसूल होते आणि सोयाबीनची हमी घोषणेतच राहते.

याच्या पुढची पायरी तर या पेशाचे कळसाचे काम होय. २०२० मध्ये आयआरबी या कंपनीने आपले नऊ टोल-रस्ते एका खाजगी गुंतवणूक न्यासात घातले. सोलापूर-येडशी आणि येडशी-औरंगाबाद हे दोन्ही त्यांत होते. या न्यासातील ४९ टक्के हिस्सा जीआयसी या सिंगापूरच्या गुंतवणूक संस्थेशी संबंधित कंपन्यांनी ४,४०० कोटी रुपयांच्या व्यवहारात घेतला. पुढे २०२४ मध्ये त्यातला २४ टक्के हिस्सा फेरोव्हिअल या मूळच्या स्पॅनिश कंपनीने विकत घेतला. या खरेदी-विक्रीत रस्ता एक हातही वाढला नाही. वाढली ती त्यावरच्या हक्काची किंमत. परंतु खरी मौज वेगळीच आहे. जीआयसी ही खाजगी संस्था नाही. ती सिंगापूर सरकारच्या मालकीची आहे, त्या सरकारची गंगाजळी गुंतविणे हेच तिचे काम. म्हणजे भारत सरकारला आपला रस्ता स्वतः बांधून त्याची कमाई स्वतः घेणे परवडत नाही, असे सांगून तो खाजगी क्षेत्राला दिला. आणि खाजगी क्षेत्राने त्याच्या कमाईचा निम्मा हिस्सा एका परक्या सरकारला विकला! सरकारने धंदा करू नये हा सिद्धान्त फक्त आपल्या सरकारपुरता आहे. सिंगापूरच्या सरकारने येडशीच्या टोलवर धंदा केला तर तो ‘परकीय गुंतवणूकदारांचा विश्वास’ ठरतो.

यात कायद्याचा भंग कोणी केला, असे येथे म्हणावयाचे नाही. सारे कायद्याप्रमाणेच झाले, हेच तर दुखणे आहे.

‘खाजगी भांडवल’ हा शब्दच मुळात फसवा आहे. ते भांडवल येते कोठून, याचा शोध घेतला की बहुधा जनतेच्याच बचतीपाशी पोहोचावे लागते. या पेशाची काशी म्हणजे मुंबईची आयएल अँड एफएस ही संस्था. १९८७ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी ती स्थापन केली. रवी पार्थसारथी यांनी सुमारे तीन दशके तिचे नेतृत्व केले. देशात सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे तंत्र रुजविण्याचे श्रेय या संस्थेला आणि त्यांना दिले जात असे आणि ते अवाजवीही नव्हते. तिचा सर्वांत मोठा भागधारक होता आयुर्विमा महामंडळ. म्हणजे ढोकीच्या शिक्षकाने, कारखान्याच्या कामगाराने दर तिमाहीला भरलेला विम्याचा हप्ता. तिच्या रोख्यांना ऑगस्ट २०१८ पर्यंत सर्वोच्च पत होती, म्हणून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधींचा पैसाही त्यांत गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये ती हप्ते चुकवू लागली. ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी सरकारने तिचे संचालक मंडळ बाजूला सारले. तेव्हा उघड झाले की कर्ज ९०,००० कोटींच्या वर आणि पोटकंपन्या तीनशेहून अधिक. पतमापन करणाऱ्या संस्थांना, लेखापरीक्षकांना, रिझर्व्ह बँकेला यातले काही दिसले नव्हते म्हणे. खेड्यातल्या पतपेढीचा चिटणीस पाच हजारांच्या अफरातफरीत तुरुंगात जातो, त्याला इतकी मंद दृष्टी असण्याची मुभा नसते.

या संस्थेच्या करारलेखनाचा एक नमुना सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दिल्ली आणि नोएडा यांना जोडणारा यमुनेवरील टोल-पूल तिनेच पुढाकार घेऊन उभारला; तो २००१ मध्ये सुरू झाला. खर्च सुमारे ४०८ कोटी. करारात असे लिहिले होते की कंपनीला एकूण खर्चावर दरवर्षी २० टक्के परतावा मिळाला पाहिजे आणि तो कमी पडला तर कमी पडलेली रक्कम पुन्हा खर्चातच मिळवावी. अंकगणित सातवीच्या मुलाने करावे असे आहे. परतावा पुरा पडत नाही, म्हणून खर्च वाढतो. खर्च वाढला, म्हणून परतावा आणखी कमी पडतो. आणि मुदत तीस वर्षांची म्हणता म्हणता कधीच संपत नाही. गावच्या सावकाराच्या वहीत चक्रवाढ व्याज असे. ती वही जाळण्यासाठी या दख्खनच्या कुणब्यांनी १८७५ मध्ये दंगे केले. या वहीवर मात्र तज्ज्ञांच्या सह्या होत्या. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो टोल बंद केला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. उच्च न्यायालयाच्या निकालानंतरही आठ वर्षे हा वाद चालला, आणि तो नागरिकांनी लढविला.

दाभोळचे प्रकरण महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९९३ चा एन्रॉनचा करार, डॉलरशी बांधलेला वीजदर, वीज घेतली नाही तरी द्यावयाचा आकार, राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी : मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर उतरून जे सांगितले ते २००१ मध्ये वीजमंडळाच्या दिवाळखोरीने खरे केले. त्याच वर्षी एन्रॉनही बुडाली. तिच्या अधिकाऱ्यांनी भारतात भागीदारीचे जे शिक्षण दिले त्याची फी मात्र महाराष्ट्र अजून विसरलेला नाही.

यावर ठराविक उत्तर येते : खाजगी भागीदार जोखीम उचलतो, म्हणून त्याला नफा. या युक्तिवादाची परीक्षा खुद्द सरकारनेच केली आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत वाहतुकीचे फुगवलेले अंदाज कोसळले, तेव्हा कंपन्यांनी जोखीम उचलली नाही. त्यांनी कर्जे थकविली, आणि सरकारी बँकांना भांडवल पुरविण्यासाठी अर्थसंकल्पातून तरतूद करावी लागली. विजय केळकर यांच्या समितीने २०१५ मध्ये जोखमीची वाटणी चुकते आहे, असा निर्वाळा दिला. केळकर काही समाजवादी नव्हेत. त्यानंतर २०१६ पासून महामार्गांसाठी जी संमिश्र पद्धत आली तिच्यात ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असतानाच सरकार देते आणि उरलेली पंधरा वर्षांत व्याजासह फेडते. वाहतूक घटली तर तोटा सरकारचा. एवढे करून जे उरते त्याला उधारीवरचे सरकारी बांधकाम म्हणतात. आणि सरकार स्वतः कर्ज काढते तेव्हा त्याला कोणत्याही कंपनीपेक्षा कमी व्याज पडते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. अधिक व्याजाचे कर्ज दुसऱ्याच्या नावाने काढावयाचे कशासाठी? तर ते अर्थसंकल्पात तुटीच्या रकान्यात दिसू नये यासाठी. तूट लपविण्याची ही किंमत पुढची पिढी टोलनाक्यावर चुकवील.

ज्या लंडनमध्ये बार्शी लाइटची कंपनी निघाली तेथेही हाच अनुभव आला. १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने शाळा, रुग्णालये, रस्ते खाजगी भांडवलातून बांधण्याचा मोठा घाट घातला. जानेवारी २०१८ मध्ये त्या कामांतली कॅरिलियन ही बडी कंपनी कोसळली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हुजूर पक्षाच्याच अर्थमंत्र्याने ही पद्धत नव्या कामांसाठी बंद केल्याचे जाहीर केले. गुरूने विद्या टाकून दिली. शिष्य अजून घोकतो आहे.

मग ढोकीच्या तिसऱ्या उत्तराचे काय? तेरणा कारखाना हा जनतेच्या भांडवलाचा प्रयोग होता. शेतकऱ्यांनी भाग घेतले, उसाच्या बिलातून कपात सोसली, सरकारने साहाय्य केले, सहकारी बँकेने कर्ज दिले. या कारखान्याने परिसराला जे दिले ते लंडनच्या कंपनीने कधीच दिले नव्हते : सभासदाला सर्वसाधारण सभेत उभे राहून हिशोब विचारण्याचा अधिकार. तो अधिकार सत्ताधाऱ्यांनी आणि त्यांच्या गटांनी पोकळ केला, निवडणुका जातीच्या आणि पैशाच्या केल्या, कारखाना कर्जाच्या खाईत गेला, अनेक हंगाम बंद राहिला आणि शेवटी खाजगी चालकाला भाडेतत्त्वावर द्यावा लागला. जिल्हा बँकेचा पैसा अडकला तो वेगळाच. या पापाचे धनी सहकारातील पुढारी आहेत आणि त्यांपैकी काहींना डाव्या विचारांची मंडळीही एके काळी हार घालीत होती. पण निष्कर्ष काढताना घाई होऊ नये. कारखाना बुडाला तो शेतकरी मालक होता म्हणून नव्हे. मालकाला हिशोब पाहू दिला नाही म्हणून बुडाला. आणि जो रोग हिशोब लपविल्याने झाला त्यावर, जेथे हिशोब विचारण्याचा हक्कच नाही अशी भागीदारी हे औषध कसे होईल?

या पेशात शिरणाऱ्या तरुणांविषयी राग धरण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी कित्येक याच भागातले, शेतकऱ्यांचे मुलगे-मुली आहेत. कर्ज काढून शिकलेले आहेत आणि त्यांना नोकरी हवी आहे. रोखप्रवाहाचे गणित मांडणे, वाहतुकीचा अंदाज बांधणे, तीस वर्षांचा करार वाचणे ही कौशल्ये खरी आहेत. दोष इतकाच की ही कौशल्ये टेबलाच्या एकाच बाजूला बसतात. करार करताना कंपनीच्या बाजूला दहा सल्लागार असतात. सरकारच्या बाजूला बदलीची वाट पाहणारा एक उपसचिव असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच सल्लागारांपैकी एक भाड्याने आणलेला असतो. ज्यांची जमीन जाते त्यांच्या बाजूला तर कोणीच नसते. पक्षाच्या अभ्यासमंडळांनी अशा चार तरुणांना आपल्या बाजूला बसविले तर दहा मोर्चांचे काम होईल.

त्याची निकड आजच आहे. कोल्हापूरच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांनी जनतेला उभे केले आणि टोल हटविला. परंतु तोवर करार होऊन गेलेला होता, म्हणून कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीच्या माथी आली. करार झाल्यावर लढणे महाग पडते. नागपूर ते गोवा हा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग तुळजापूरचे नाव घेऊनच जाहीर झाला आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मान्यता दिली. त्यात १२,००० कोटींचे कर्ज हुडकोकडून घ्यावयाचे ठरले. जमिनी जाणारे शेतकरी मोजणीला विरोध करीत उभे आहेत आणि त्यांच्या पाठीशी राहिलेच पाहिजे. परंतु मोजणी अडविण्याबरोबरच आणखी एक मागणी ग्रामसभांच्या ठरावात आली पाहिजे, आणि ती १८८३ मधल्या हैदराबादच्या नागरिकांचीच मागणी आहे. हे कर्ज कोण फेडणार, टोल किती वर्षे आणि कोणत्या सूत्राने, वाहतूक घटली तर तोटा कोणाचा, आणि तो हक्क पुढे कोणाला विकता येणार, या चार प्रश्नांची उत्तरे, सही होण्याआधी, मराठीत, गावच्या चावडीवर लावली जावीत. दुसऱ्या बाजूला सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा लोहमार्ग केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या पैशाने बांधावयाचे ठरलेले आहे. त्यात कोणी भागीदार नाही, न्यास नाही, परतावा नाही. त्या कामाला दर वर्षाच्या अर्थसंकल्पात किती रक्कम मिळते आणि किती खर्ची पडते याचा तक्ता जिल्हा शाखेने करून ठेवावा.